बाबांची बादली, हौदाची बादली

मित्रांनो, मी उस्मानपुऱ्यातल्या एका घरामागचा जुना पोहण्याचा हौद आहे. माझं पाणी कमी होत होतं आणि ते कुठं जातं, हे माझं मलाच कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी हेमचंद्र वकील माझ्या वरच्या पायरीवर पाय बुडवून बसले होते. माहेरी आलेली त्यांची मुलगी कालिंदी शेजारी उभी होती. पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच खाली गेलं होतं. ती म्हणत होती, हौद गळतोय. ते म्हणत होते, वैशाख आहे, ऊन पितंय. दोघं बराच वेळ तेच तेच बोलत राहिले आणि मला दोघांचंही पटत गेलं. वर उडून जाणारं पाणी आणि भिंतीत झिरपणारं पाणी यांतला फरक मला कळत नाही. दोन्ही नुसतीच जातात. शेवटी वकील म्हणाले, "उद्या बघू," आणि पाय पुसून आत गेले. रोज जायचे तसेच.

सकाळी ते उठले नाहीत.

खरं तर माझा जन्म पोहण्यासाठी झालाच नव्हता. घर बांधताना विटा भिजवायला गवंडी हौद बांधतात, तसा मी. घर उभं राहिलं की असे हौद फोडून टाकतात. पण तेव्हा लहानग्या कालिंदीचे पाय तापानं अशक्त झाले होते आणि डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला होता. वकिलांनी मला फोडू दिलं नाही. त्यांनी मला लांब आणि खोल करून घेतलं, निळसर फरशी बसवली, आवारातल्या विहिरीवरून पाइप आणला. माझ्या भिंतीत, स्वतःच्या छातीच्या उंचीवर, एक लोखंडी कडी बसवली. मुलीच्या कमरेचा दोर बांधायला, असं त्यांनी गवंड्याला सांगितलं.

गल्लीनं खूप थट्टा केली. आमच्या नळाला गुळणी आणि वकिलांच्या घरी समुद्र, असं लोक म्हणायचे. पुढं तेच लोक उन्हाळ्यात आपापली मुलं घेऊन फाटकाशी यायचे आणि माझं कौतुक करायचे.

लहानपणी पैठणला गोदावरी आरपार पोहून जायचो, असं वकील सांगत. पाण्यात उभं राहून ते मुलीला शिकवत. हात लांब टाक, पाय सैल सोड, पाणी आपल्याला धरतं. कालिंदी शिकली. तिचा दोर सुटला. वकिलांचा डावा हात मात्र कडीवरच राहिला. त्यांना कडी आवडत असावी, असं मला वाटायचं.

मग मुलं मोठी झाली, कालिंदी लग्न होऊन गेली आणि माझ्यात पोहायला कुणी येईना. वकील तेवढे संध्याकाळी येऊन बसत.

ते गेल्यावर त्यांची बहीण भानुमती छावणी भागातून राहायला आली. ज्या खोलीत ते गेले तिथं तिनं दिवा लावला आणि पाण्याचा तांब्या ठेवला, गेलेल्याला तहान लागते म्हणून. मग खिडकीतून माझ्याकडं बघत तिनं सांगितलं की आता हा हौद मुरूम टाकून बुजवावा. घर बंद राहणार, पाणी झिरपून पाया खचेल. ती चुकीचं बोलत होती असं मी म्हणणार नाही. कालिंदीनं एवढंच मागितलं, तेराव्यापर्यंत थांबा. तोवर गळती सापडली नाही तर बुजवा.

तिनं बन्सी नावाच्या नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं चावी बंद केली, पाइपाशेजारची माती उकरली आणि डोकं खाजवलं.

"लाईन तर कोरडी हाय ताई. चावी बंद केली तरी पाणी उतरतंयच. मलाबी काय उमजंना."

मग कालिंदीनं एक बादली माझ्याच पाण्यानं भरली, माझ्या पायरीवर ठेवली आणि आतल्या पाण्याला पेन्सिलीची खूण केली. माझ्या भिंतीवरही तशीच खूण केली. ऊन पीत असेल तर दोघांचं सारखंच पिईल. माझं जास्त उतरलं, तर गळती. हे मला समजलं आणि बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझं पाणी उतरलं होतं आणि बादलीतलं चढलं होतं.

कालिंदी वाकून बघत राहिली. मीही गोंधळलो. आकाश कोरडं होतं. बन्सी म्हणाला, आपण पन्नास हौद पाहिले, पण पाणी पिणारा हौद आणि पाणी देणारी बादली एका जागी पाहिली नाही. तेवढ्यात कालिंदीला बादलीत तरंगणारं तुळशीचं पान दिसलं.

आत्याला विचारल्यावर ती सरळ म्हणाली, "कमी झालं होतं, म्हणून भरलं. दादा तिथंच बसायचा. मला वाटलं, तू त्याच्यासाठी ठेवलीस."

आत जाऊन कालिंदीनं दुसरी बादली आणली आणि पहिलीशेजारी ठेवली.

"आता ही कुणाची?" आत्यानं विचारलं.

"ही हौदाची. तुम्ही फक्त बाबांचीच भरा."

"भरते. पण हौदाला सांग, दादाच्या बादलीतलं पिऊ नको."

त्या दिवसांत कालिंदी पहिल्यांदा हसली.

हौदाच्या बादलीतलं पाणी थोडं उतरलं. माझं त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे मी गळत होतो. उतरत उतरत मी कडीच्या जरा खाली आलो, आणि मग बादलीएवढाच उतरू लागलो. कालिंदीनं पुन्हा कडी बुडेल एवढं पाणी सोडलं, ते संथ होऊ दिलं आणि आत्याकडून कपड्यांच्या निळीची बाटली घेतली. बन्सीला बाजूला बसवून ती स्वतः पाण्यात उतरली. फरशीच्या सांध्यांजवळ सोडलेली नीळ जागीच पसरली. कडीजवळ सोडलेल्या निळीचा बारीक दोरा झाला आणि तो भिंतीत शिरला. कडीचं मूळ गंजून सैल झालं होतं. मला इतकी वर्षं तिथं दुखलंही नव्हतं.

आत्या वरून बघत होती. "झिजणारच ती," ती म्हणाली. "दादाला कुठं पोहता येत होतं? पैठणला आम्ही पोहायचो, तो काठावर कपडे राखायचा."

बन्सीनं पाणी उतरवून कडी काढली, भोक खरवडून त्यात पाण्यातही धरणारा सिमेंटचा मसाला भरला, वर फरशी बसवली आणि मला पुन्हा नेहमीच्या रेषेपर्यंत भरलं. तेराव्याला दोन्ही बादल्या पायरीवर होत्या आणि माझं पाणी हौदाच्या बादलीएवढंच उतरलं होतं. मुरूम मागवला गेला नाही.

मित्रांनो, कुणाचं पाणी कमी होताना दिसलं तर त्याला लगेच बुजवू नका. आधी शेजारी एक बादली ठेवून बघा.

सगळे जेवून गेल्यावर कालिंदी माझ्या पायरीवर पाय बुडवून बसली. गंजकी कडी तिच्या मांडीवर होती. तिनं बाबांची बादली काठोकाठ भरली.

"बाबा, तुम्हाला पोहता येत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मी बुडाले असते तर मला धरायला तुम्ही कडी सोडली असती. म्हणून मी शिकले."