घोंगडीचा काळा

परभणीत बन्सीधरच्या व्हिडिओच्या दुकानात भुजंग दिवसभर परक्यांची लग्नं बघत बसायचा. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला आणि कॉम्प्युटर जाणणारा म्हणून लग्नाच्या कॅसेटवर नावं, फुलं, फोटो चढवायचं काम त्याच्याकडं होतं. बाजारात एखादा नवरदेव समोरून आला की भुजंगला त्याच्या मामाचं हसूसुद्धा आठवायचं. नवरदेवाला भुजंग ठाऊक असायचं कारण नव्हतं. ओळखीचं हसू ओठावर यायचं आणि भुजंग ते तसंच गिळायचा. बरोबरीचे सगळे पुण्याला गेले होते. त्र्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात तर कामाखेरीज त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

चारठाण्याची भागुबाई आज तिसऱ्यांदा आली होती. मेंढरं राखणारं घर. लेकीचं, केवळाचं, लग्न झालं, पण भागुबाईचा नवरा दोन वर्षांपूर्वीच वारलेला. त्याचा एकच फोटो होता. जिंतूरच्या स्टुडिओत काळ्या पडद्यापुढं उभा, अंगावर पायघोळ काळी घोंगडी. तो मांडवात उभा दिसावा, एवढंच तिचं मागणं. उद्या जावई केवळाला न्यायला येणार होता आणि कॅसेट तिच्यासोबत सासरी जाणार होती.

"सासरच्यांनी तिचा बाप पाह्यलाच न्हाई," भागुबाई म्हणाली. "दावा बरं."

भुजंगनं चित्र सुरू केलं. मांडवात एक रुमाल बांधलेलं डोकं, दोन हात आणि दोन पाय उभे राहिले. मधे काहीच नाही.

"अगं बाई! वाजंत्रीवाला ह्यांच्या पोटातून चाललाय की!"

बन्सीधर खो खो हसला. "शास्त्रज्ञ, माणूस उभा करायलास का भूत? काढ तो फोटो अन् कॅसेट दे त्यांना."

"तासभर द्या," भुजंग म्हणाला.

चूक कुठं आहे ते त्याला कळत होतं. यंत्राला रंग दिसत नाहीत, आकडे दिसतात. शून्य आकड्याचा रंग म्हणजे पारदर्शक. तिथून खालचं लग्न दिसतं. पडदा नाहीसा करायला त्यानं काळ्याला शून्य दिला, आणि त्या शून्यात घोंगडीही गेली. मग त्यानं घोंगडीची कड एकेक ठिपका पुढं सरकत हातानं आखली आणि बेसिक ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत चार ओळी लिहिल्या: कडेच्या आतल्या काळ्याला आकडा एक, बाहेरच्याला शून्य. पडद्यावर घोंगडी भरून आली. त्यानं फाईल साठवली, पुन्हा उघडली, तर पुन्हा भोक. साठवणारा प्रोग्राम, चित्र कॅसेटवर चढवायला यंत्रात जे कार्ड बसवलं होतं, त्याच्यासोबत आलेला होता. दोन आकड्यांना एकच रंग दिसला की तो त्यांचा एक आकडा करून टाकायचा. तो बदलणं भुजंगच्या हातात नव्हतं.

"काय झालं, लेकरा?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. भुजंग सांगत सुटला. "मावशी, दोन काळे हायेत. एक पडद्याचा, एक घोंगडीचा. यंत्र म्हणतं, काळा तो काळाच."

"यंत्रानं मेंढरं राखली न्हाईत मग," भागुबाई म्हणाली. "पडदा रंगविलेला आसंल. ही घोंगडी आंगच्या काळ्याची, काळ्या मेंढीच्या लोकरीची. उनात धरली की तांबूस मारती. केवळाचे बाप लांबून त्या तांबूसपणावरच वळखू यायचे मला."

भुजंग यंत्राकडं वळला. मग त्यानं एक नंबरच्या काळ्यात तांबडा मिसळला, चौसष्ट पायऱ्यांतली फक्त एक पायरी. डोळ्याला फरक दिसत नव्हता. साठवलं. उघडलं.

घोंगडी जागेवर होती.

मांडवात माणूस उभा राहिला, खांद्यापासून पायापर्यंत सलग. वाजंत्रीवाला त्याच्या मागं गेला आणि दुसऱ्या बाजूनं निघाला. भागुबाईनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात नवरीच्या वेशातली केवळा चालत आली आणि घोंगडीआड दिसेनाशी झाली.

"नवरीच झाकली की रे!" बन्सीधर ओरडला. "फोटो बाजूला सरकव."

भुजंगचा हात कळीवर गेला.

"ऱ्हाऊ द्या," भागुबाई म्हणाली. "पाऊस आला की तिथंच शिरायची ती."

कॅसेट पिशवीत घालून ती उठली. दारात थांबून म्हणाली, "तुमचं गाव कोणतं म्हणायचं?"

"झरी."

"जवळच की. घरी जात जावा मधूनमधून." ती उन्हात उतरली आणि स्टँडाकडं निघाली.

बन्सीधरनं पुढच्या लग्नाची कॅसेट टेबलावर ठेवली. भुजंगनं ती लगेच लावली नाही. त्यानं दुकानात ठेवलेल्या प्रतीवर तीच जागा पुन्हा चालवून घड्याळ धरलं. केवळा घोंगडीआड चार सेकंद होती.