टंकलेखनाचे आभार

दुपारच्या चहाला दामिनीच्या पुस्तकाचं प्रूफ घरी आलं. अमरावतीचे प्रकाशक शालिकरामजी ते स्वतः चांदूर बाजारला घेऊन आले होते. वडील खुशालराव वांग्याची तोडणी सोडून, हात धुऊन येऊन बसले. वरूडच्या शेडमध्ये संत्री निवडणाऱ्या बायांजवळ तीन हंगाम बसून दामिनीनं हे पुस्तक लिहिलं होतं. मुखपृष्ठावर मात्र नाव होतं प्रा. शेखर यांचं.

शेखर म्हणजे तिचा होणारा नवरा. अकोल्याच्या कॉलेजात प्राध्यापक, बढतीला पुस्तक हवं. साखरपुड्यात त्याचे वडील छाती फुगवून म्हणाले होते, "आमाले हुंडा नको. फक्त पोरीच्या पुस्तकावर पोराचं नाव येऊ द्या." मांडवानं वाहवा केली, दामिनीला कोणी विचारलंच नाही. काय म्हणावं या लोकांना? हुंड्यानं सोंग बदललं, एवढंच.

"हे संमतीपत्र. इथं सही केली की हक्क सरांचे," शालिकरामजी म्हणाले. "त्याशिवाय मी छपाईला देत नाही. आणि एकदा दिलेले हक्क परत येत नाहीत, सांगून ठेवतो."

दामिनी वडिलांकडे वळली. "बाबा, त्या बाया माह्याजवळ जीव मोकळा करून बोलल्या. आता कोन्त्या तोंडानं जाऊ मी वरूडले?"

"लगन आठ दिवसावर हाये, माय. पत्रिका वाटून झाल्या. मोडलं तं तुले कोन पत्करन?" खुशालराव काकुळतीला आले. घाईनं पानं उलटत म्हणाले, "पाह्य ना, तुयं नाव बी हाये आत." बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "टंकलेखनास मदत केल्याबद्दल चि. सौ. कां. दामिनी हिचे आभार."

तीच ओळ त्यांनी पुन्हा एकदा, मनातल्या मनात वाचली.

दामिनी हमसून हमसून रडली. मग तिनं कागद परत सरकवला. "मी सही करत नाई."

"सरांच्या कॉलेजची सगळी पुस्तकं मीच छापतो, ताई. त्यांना दुखवून तुमचं नाही छापता येणार," असं म्हणून शालिकरामजी उठले. पुस्तक गेलं, आता लग्नही जाणार होतं. शेवटी खुशालरावांनी अकोल्याला शेखरच्या वडिलांना फोन लावला.

"पाव्हणे, आमाले हुंडा देनं जमत नाई."

"हुंडा? आमी कवा मांगतला?"

"लेकीचं पुस्तक मांगतलं ना. तोच."