तक्क्याचा चांगला पाय

आगकाडीच्या गुलाएवढं टोक, बोथट, पांढरं, एका बाजूने किंचित झिजलेलं. तिने ते डोळ्यांजवळ धरलं, मऊ फडक्याने पुसलं आणि मग पुन्हा पुसलं. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतंच, पण पुसताना अंगठा वाकवावा लागत नाही, आणि जोवर अंगठा वाकवावा लागत नाही तोवर आपलं सगळं ठीक चाललंय असं स्वतःला सांगता येतं. बाहेर पॅसेजमध्ये कुणाच्या तरी हातून स्टीलचं भांडं पडलं. आवाज दाराच्या फटीतून आला आणि थेट मनगटात घुसला. म्हणजे आता आवाजही दुखायला लागले का... छे, काहीतरीच. भांडं कानात वाजतं, मनगटात कसं वाजेल?

पण वाजलं होतं. आणि असं वाजू शकतं हे जनावरांच्या या दवाखान्यात तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं कामच ते – कुत्र्यांचं दुखणं मोजायचं. दवाखान्यात तिला सगळे मापवालीच म्हणत. हातात मावणाऱ्या यंत्राचं हे टोक कुत्र्याच्या पायावर टेकवायचं, दाब सावकाश वाढवत न्यायचा, कुत्र्याने पाय आखडला की थांबायचं. यंत्रावरचा आकडा तिथल्या तिथे गोठतो. आकडा मोठा आला तर कुत्रं दाब सोसतंय, लहान आला तर ते हळवं झालंय. आधी दुखरा पाय, मग चांगला, आणि खरी मेख असते त्या चांगल्या पायात. दुखरा लवकर आखडणारच, त्यात नवल ते काय? पण दुखणं फार दिवस मुक्काम ठोकून बसलं की ते गुडघ्यापुरतं राहत नाही, सगळ्या अंगात पसरतं, आणि मग जिथे काहीच बिघडलेलं नाही तिथेही बोट लावलेलं खपत नाही, दार आपटलेलं खपत नाही, खिडकीतला उजेड खपत नाही. नव्या डॉक्टरांना हे ती इतक्यांदा समजावून सांगायची की झोपेतसुद्धा सांगितलं असतं. सांगताना ती कायम कुत्र्यांबद्दलच बोलायची.

सगळी मापं एकाच हाताने घ्यायची, हा मोठ्या डॉक्टरीणबाईंचा नियम. दोन माणसं दोन तऱ्हेने दाबतात, एकाच माणसाचे दोन हातही दोन तऱ्हेने दाबतात. म्हणून एक माणूस आणि एक हात. तिचा उजवा. पाहुण्यांना ही खोली दाखवताना बाई म्हणायच्या, "यंत्र काय, कुणीही आणेल. असा हात कुठून आणणार?" आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्याच हाताचा अंगठा थंडीच्या आधीपासून बुडातून ठणकतोय हे तिने बाईंना सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? इकडे तोंड उघडायचं आणि तिकडे तीन वर्षांचं काम खाली बसायचं... घरी नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "दिवसभर कुत्र्यांत बसून तुलाही लागण झाली की काय?" – माणूस वाईट नाही तो, विनोदच त्याचे असले – आणि परवा त्याने जाता जाता सहज खांद्यावर हात ठेवला, तर तिने खांदा असा काही झटकला की तो बराच वेळ स्वतःच्या हाताकडेच बघत राहिला. खांदा तर चांगला होता माझा. खांद्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. तिने ते फडकं घडी करून खणात ठेवलं.

दार वाजलं. पडदेवाल्या मावशी आत आल्या. लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवून शिवून पाठीला बाक आलेली ही बाई, आणि तिच्या मागून, नखं वाजवत, तिचा म्हातारा कुत्रा. दिवसभर शिलाई मशीनखाली आडवा पडून असतो आणि मावशी त्याच्यावर पाय टेकवून बसतात, म्हणून नाव तक्क्या. आज त्याचं अंग चकाकत होतं आणि खोलीभर साबणाचा वास सुटला.

"आंघोळ घातलीत वाटतं," ती म्हणाली.

"हो. म्हटलं, जायचंच आहे तर नीटनेटका होऊन जाऊ दे."

कुठे जायचंय ते दोघींनाही माहीत होतं. मागच्या दोन खेपांना तक्क्याच्या गुडघ्याचा आकडा खाली आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या चांगल्या पायाचाही आला होता, तोही औषध वाढवल्यावर. डॉक्टरीणबाईंनी मावशींना समोर बसवून काही आडपडदा न ठेवता सांगितलं होतं – आज चांगला पाय आणखी खाली आला तर समजायचं, दुखणं अंगभर भिनलंय, आपल्याजवळची औषधं संपली. मग त्याला शांत झोपवलेलंच बरं, आणि ते इंजेक्शन आजच देता येईल.

"मुलाला बोलावलंय गाडी घेऊन," मावशी म्हणाल्या. मग जवळ सरकून, आवाज उतरवून, "तुम्ही फक्त आकडा सांगा हं. मला काही विचारू नका. माझ्याच्यानं ठरवणं व्हायचं नाही बाई. आकडा आला म्हणजे ते आकड्यानं ठरवलं, हो ना? मी नाही."

"तुम्ही बाहेर बसा, मावशी."

मालकाने बाहेर बसायचं, हाही नियमच. मालक समोर असला की कुत्रं त्याच्या तोंडाकडे बघत बघत भलतंच सोसतं. मावशी वाकून तक्क्याच्या कानात काहीतरी बोलल्या आणि गेल्या. दार लागलं. खोलीत रबराची सतरंजी, भिंतींना आवाज पिणारा जाड थर, आणि ते दोघं.

तक्क्या उभा होता, मागच्या दुखऱ्या पायाची फक्त नखं टेकवून. ती त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसली. आधी दुखरा पाय. टोक टेकलं, दाब वाढला, त्याने पाय आखडला. आकडा खाली, मागच्यापेक्षाही खाली. असू दे, ते धरूनच चालले होते. आता चांगला. या पायात काहीही बिघाड नाही, एक्स-रेत सगळे सांधे लख्ख दिसतात, आणि तरी एका जिवाचं जाणं-राहणं आज या पायावर अडकलंय... तिने यंत्र उचललं. आता अंगठा वाकवायचा. वाकवला की कळ निघणार, मनगटातून कोपरापर्यंत जाणार, आणि ती जाईपर्यंत हात हलता कामा नये. म्हणून रोजच्यासारखे तिने दात आवळले, श्वास रोखला –

तक्क्याने पाय उचलला.

टोक टेकलंच नव्हतं.

असं होतं कधी कधी. टेकण्याआधी पाय उचलला तर ते माप सोडून द्यायचं, कुत्र्याला जरा कुरवाळायचं आणि पुन्हा घ्यायचं. तिने कुरवाळलं. पुन्हा अंगठा, पुन्हा श्वास. या वेळी टोक केसांना लागलं न लागलं तोच पाय वर, आणि आकडा इतका लहान की कुणीही म्हणावं, बिचारा अगदीच हळवा झालाय. ती तसंच म्हणत आली होती. मागच्या खेपेला म्हटलं, त्याच्या मागच्या खेपेला म्हटलं. आज मात्र साबणाने धुतलेले केस मोकळे होऊन उभे राहिले होते, म्हणून असेल, तिसऱ्या वेळी तिला टोक आणि पाय यांच्यामधली जागा स्वच्छ दिसली. त्या जागेत काहीच नव्हतं. टोक टेकायच्या आधीच पाय निघाला होता.

तिने यंत्र खाली ठेवलं. दोन्ही हात मोकळे मांडीवर. काय करतोय आपण हे, असं मनात येत असतानाच तिने दात आवळले आणि श्वास रोखला.

तक्क्याने चांगला पाय उचलला, आणि तो तसाच अधांतरी धरून तिच्याकडे बघत राहिला.

तिने श्वास सोडला. पाय खाली आला. पुन्हा रोखला. पुन्हा वर.

अरे... अरे, तू तर माझंच बघतोयस. मला आता कळ येणार हे मला कळतं त्याच क्षणी तुलाही कळतं, आणि तू पाय उचलतोस, आणि मी म्हणते याला दुखलं! म्हणजे थंडीच्या आधीपासून मी मोजत आले ते कुणाचं? त्या तांबड्या कुत्रीचं, बँकेतल्या साहेबांच्या त्या एका डोळ्याच्या कुत्र्याचं, आणि – इथे तिचं मन अडलं, मागे फिरलं, पण फिरून जाणार कुठे – बेकरीवाल्याच्या कुत्रीचं. तिचाही चांगला पायच खाली आला होता. आकडा ऐकून बेकरीवाला काही बोलला नव्हता, नुसती मान हलवली होती त्याने, कारण आकड्यापुढे माणूस काय बोलणार? ती कुत्री आता नाही. तिला खरंच दुखत होतं का? दुखतही असेल. पण मी ते कशावरून सांगितलं... भिंतींतला तो थर खोलीतला सगळा आवाज पिऊन टाकत होता आणि तिला स्वतःच्या रक्ताचं धडधडणं ऐकू येत होतं.

अजून काही बिघडलेलं नाही, तिच्या डोक्यातला हिशेबी माणूस पुढे सरसावला, तो असल्या वेळी बरोबर हजर होतो. श्वास रोखू नकोस म्हणजे झालं. कळ आली तर येऊ दे. नीट माप घे, आकडा वर येईल, कुत्रा घरी जाईल, मावशी देवाचे आभार मानतील, आणि कुणाला कशाचा पत्ता लागणार नाही. चांगली कल्पना होती. तिने यंत्र उचललं, श्वास चालू ठेवला – आत, बाहेर, आत – आणि अंगठा वाकवला. कळ निघाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी श्वास चालू. टोक टेकलं. तक्क्या हलला नाही. दाब वाढला, आकडा वाढत गेला, मागच्या मापांच्या पुढे गेला, धडधाकट कुत्र्यांच्याही पुढे गेला, आणि तरी तक्क्या उभाच, पाय घट्ट रोवून. हा पाय मागे का घेत नाही? तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो टक लावून तिच्याकडे बघत होता, कान मागे पाडून, मालकाकडे बघतात तसा. तिने झटकन टोक मागे घेतलं. केसांत लहानसा खड्डा पडला होता. तक्क्याने तो चाटला, आणि मग तिचं मनगटही एकदा चाटलं.

आता यंत्रावर मोठा आकडा होता. आधीचा लहान आकडा तिचा होता. हा कुणाचा, ते तिला सांगता येईना. न दुखणाऱ्या कुत्र्याचा, की तिच्यासाठी सोसणाऱ्या? लहान आकडा सांगितला तर हा दुपारपर्यंत जाणार. मोठा सांगितला तर घरी जाणार, आणि कदाचित मशीनखाली पडल्या पडल्या कुणाला न कळेल असा ठणकत राहणार. तिने यंत्र बंद केलं.

पॅसेजमध्ये बाकावर मावशी बसल्या होत्या आणि डॉक्टरीणबाई त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. दोघींनी वर पाहिलं. एवढ्या वर्षांत ती दारातून बाहेर आली की लोक तिच्या तोंडाकडे पाहतच नसत, तिच्या तोंडून येणाऱ्या आकड्याची वाट पाहत.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"नाही. म्हणजे..." तिने उजवा हात डाव्या हातात धरला. "मापं चुकलीत, मॅडम. आजची आणि आधीचीही. माझा हात दुखतो. दाबायच्या आधी मी श्वास धरते, आणि त्यावर कुत्री पाय उचलतात. तक्क्या टोकाला बिचकतच नाही. आत्ता मी यंत्र खाली ठेवून बघितलं."

बाईंनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून."

बाई मनातल्या मनात एकेका कुत्र्यापर्यंत मागे जात होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावर तिला दिसत होतं. बेकरीवाल्याच्या कुत्रीपाशी बाई थांबल्या, हेही दिसलं. "बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं, आणि त्यात राग होता, पण त्याहून जास्त दुसरं काहीतरी होतं, ज्याकडे बघायची तिची छाती झाली नाही.

"असा हात कुठून आणणार, म्हणत होतात तुम्ही," ती म्हणाली. उलट उत्तर द्यायचं तिच्या मनात नव्हतं. ते तसंच निघून गेलं.

मावशींना यातलं सगळं कळलं नसावं, पण हवं तेवढं कळलं होतं. "मग त्याला दुखतंय की नाही?"

"दुखतंय, मावशी. गुडघा दुखतोच आहे. बाकी अंग किती दुखतंय, ते मला सांगता येत नाही."

"मग आज काय करायचं?"

बाईंनी हातातली तक्क्याची फाईल मिटली.

"मी सकाळी त्याला आंघोळ घातली हो," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "रात्रभर मनाची तयारी केली. आता परत घरी न्यायचा, आणि रोज त्याच्याकडे बघत बसायचं, आज का उद्या, आज का उद्या... तुम्ही काय केलंत हे, कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. कुत्रा वाचवला असं म्हणण्यासारखं आपण काहीच केलेलं नाही, मावशींचा होता नव्हता तो आधार तेवढा काढून घेतलाय, हे तिला लख्ख कळत होतं. माफी मागावी असं वाटलं, पण कशाची मागायची, खोट्या आकड्याची की खऱ्या बोलण्याची? मावशी उठल्या, तिच्याकडे न बघता खोलीत गेल्या आणि कण्हत सतरंजीवर बसल्या. तक्क्या लंगडत त्यांच्यापाशी आला आणि आडवा झाला. मावशींनी त्याच्या त्या चांगल्या पायावर तळहात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला, आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

ती दारात उभी होती. मागून बाई काहीतरी विचारत होत्या, हाताबद्दल असावं. अंगठा आता मोकाट ठणकत होता. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आल्यासारखा हात खांद्यापर्यंत जळत होता, आणि ती दात आवळत नव्हती. तक्क्याने मान उचलून आधी मावशींकडे पाहिलं, मग तिच्याकडे. याला आता माझ्यात काय काय दिसत असेल, या विचाराने तिला भरल्या घरात उघडं पडल्यासारखं झालं. तरी तिने तोंड फिरवलं नाही. बघू दिलं त्याला.