चार बोटं उंच

बाजारात सगळे त्याला भिंगरी म्हणत. सोफे आणि खुर्च्यांची गादीकामं करण्यात तीस वर्षं गेली, पण त्याला स्वतःला खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा तो दुकानाच्या दारात येरझाऱ्या घालत प्यायचा. त्या बुधवारी तर त्याच्या पायांना थाराच नव्हता. वहिनीला बॅगांच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तिला हो की नाही ते कळवायचं होतं. भाऊ गेल्यापासून बारा वर्षं दुकानातली शिलाई मशीन तीच चालवत होती. भिंगरीला सांगाडा दुरुस्त करता यायचा, फोम कापता यायचा, स्प्रिंगा ताणून बांधता यायच्या. सरळ शिवण मात्र त्याच्या हातून कधी उतरली नाही. वहिनी गेली की दुकान बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हती.

काम आटलं ते हॉटेलमुळे. वर्षानुवर्षं तिथल्या खुर्च्या त्याच्याकडेच यायच्या. नव्या मालकाने सगळ्या प्लास्टिकच्या आणल्या. नवी गिऱ्हाइकं कशी शोधायची हे शिकवायला व्यापारी मंडळाने एक प्रशिक्षक बाई नेमून दिल्या होत्या. एकूण सहा बैठका. आजवर आपण कोच दुरुस्त केले, आता कोच आपल्याला दुरुस्त करणार, असं म्हणून वहिनीने पहिल्याच दिवशी हसून घेतलं होतं.

बुधवारी पाचवी बैठक होती. बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या. बोलणं मऊ, नजर सुईसारखी. चाळीस जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचा, असा त्यांनी गृहपाठ दिला होता. सगळे झाले, म्हणून भिंगरीने ठोकून दिलं. बाईंनी त्याच्या वहीवर बोट ठेवलं आणि सातव्या नंबरचे गृहस्थ काय म्हणाले ते विचारलं. मजेत आहेत, तो म्हणाला. त्या नंबरात एक आकडा कमी असल्याचं बाईंनी शांतपणे दाखवून दिलं.

भिंगरी उठून खिडकीशी गेला. खरं तर त्याने तीनच फोन केले होते. तिघांनाही खुर्च्या कशा आहेत म्हणून विचारलं, तिघांनीही उत्तम म्हणून सांगितलं आणि त्याने खूश होऊन फोन ठेवला. ही त्याची जुनी खोड. कुठेही गेला की तळहाताने गादी दाबायची, खुर्ची उलटी करून पट्टे बघायचे आणि निकाल द्यायचा, अजून पाच वर्षं बघायला नको. लोक त्याचं कौतुक करत आणि तो रिकाम्या हाताने परत येई.

"तुम्ही खुर्ची तपासता," बाई म्हणाल्या. "बसणाऱ्याकडे बघतच नाही. उद्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाकडे जा. एक तास बसायचं. खुर्चीला हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही."

"नुसतं बसायचं? याला धंदा म्हणतात?"

"जमलं नाही तर तसं सांगा. न जमता जमलं म्हणून सांगू नका."

गुरुवारी सकाळी तो हाडांच्या डॉक्टरांकडे गेला. नऊ वर्षांपूर्वी त्याने तिथले तीन लांब सोफे केले होते. त्यातल्या एकावर तो बसला. सारखा हलणारा गुडघा थांबेना, म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला. शिवणीचा एक धागा हललेला नव्हता, फोम जसाच्या तसा. त्याची छाती फुगली. मग त्याच्या ध्यानात आलं की सोफे रिकामे आहेत आणि माणसं भिंतीला टेकून उभी आहेत. एक गृहस्थ काठीवर भार टाकून वीस मिनिटं तसेच उभे होते. एक आजी तेवढ्या बसल्या. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा सुनेने एका बाजूने आणि कंपाउंडरने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना ओढून काढलं.

"बसायला छान आहे हो," आजी धापा टाकत म्हणाल्या, "पण उठायचं कुणी?"

घरीही असलाच सोफा असल्यामुळे त्या दिवसभर पलंगावर बसून असतात, असं सून कंपाउंडरला सांगत होती.

तास संपायला बावीस मिनिटं होती. भिंगरीला धीर धरवला नाही. त्याने कंपाउंडरला गाठलं. पेशंट रोज कुरकुर करतात, कंपाउंडर म्हणाला, पण डॉक्टर सोफे बदलत नाहीत. पंधरा वर्षं बघायला नको, असं तुम्हीच सांगून गेला होतात. दुपारी डॉक्टरांची भेट झाली. बैठक चार बोटं उंच, फोम कडक, हाताला धरायला भक्कम दांडा, असं त्याने सुचवलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि सोमवारपर्यंत एकच सोफा तसा करून आणायला सांगितलं. पुढचं पेशंट ठरवतील.

दुकानात येऊन त्याने वहिनीला सगळं सांगितलं. फोन तीनच केले होते, हेही सांगितलं. तिला ते माहीत होतं. फोन दिवसभर तिच्या मशीनशेजारीच पडलेला असे.

"एका सोफ्यावर मी कारखान्याला नाही म्हणू, भाऊजी?"

तो दारापासून फळीपर्यंत आणि फळीपासून दारापर्यंत चालत राहिला. वहिनीने आजींचं बोलणं पुन्हा विचारून घेतलं. घरचा सोफा आणि पलंग ऐकताना मशीनच्या चाकावरचा तिचा हात थांबला. तिने वही ओढून नावं वाचली.

"ही माणसं तेव्हा पन्नाशीची होती. आता सगळी सत्तरीला टेकली असतील."

त्या संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी मिळून अकरा फोन झाले. या वेळी प्रश्न एकच, बसल्यावर उठताना त्रास होतो का. पहिला नंबर त्याने उभ्यानेच फिरवला, तेव्हा वहिनीने स्टूल पुढे सरकवलं आणि तो बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. सहा जणांनी नाही म्हटलं. दोघं चिडले, आम्ही काय म्हातारे झालो की काय. एका बाईंनी अर्धा तास गुडघ्यांची कहाणी सांगितली आणि काम काही दिलं नाही. दोघांनी मात्र येऊन बघून जायला सांगितलं.

बारा वाजता कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला. सध्या यायला जमणार नाही, वहिनी म्हणाली. जागा थांबणार नाही, असं त्याने बजावलं.

"मग भरून टाका," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर सुईत दोरा ओवायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. भिंगरीने ते पाहिलं आणि मापाची पट्टी शोधायला लागला. पहिल्या घरी आत्ताच जाऊन येतो, म्हणाला.

"थांबा, मी येते." तिने मशीनवर कापड टाकलं. बारा वर्षांत ती एकदाही गिऱ्हाइकाच्या घरी गेली नव्हती. "तुम्ही एकटे गेलात तर गादी दाबाल, उत्तम आहे म्हणाल आणि परत याल. आता ते परवडणार नाही."

तो कुलूप शोधेपर्यंत ती रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचली होती.