कोरडी रांग

"आई, घोटभरच दे ना."

लेकीचा तो आवाज मावशींच्या कानांतून कधी गेलाच नाही. ऑपरेशनआधी पाणी द्यायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. मावशींनी दिलं नाही. लेक ऑपरेशनमधून परत आली नाही. त्यानंतर किती उन्हाळे आले नि गेले.

मावशी आणि त्यांचा नवरा, दोघंही कॉफीच्या संशोधन केंद्रात कामाला. काचघरात एका रांगेतल्या रोपांना रोज पाणी, दुसरीला थेंबही नाही. कोणतं वाण दुष्काळात तग धरतं, ते पाहायचं होतं. प्रयोग बघणाऱ्या मॅडम सांगत, "तहान लागली की झाड पानांची छिद्रं मिटून घेतं. मग जुनी पानं सोडतं, शेंडा तेवढा जगवतं." दुपार झाली की कोरड्या रांगेतली पानं माना टाकत. मावशी तिकडे पाठ करून ओल्या रांगेला पाणी घालत.

रोज सकाळी नवरा कुंड्या उचलून काट्यावर ठेवी. माती किती सुकली, ते वजनावरून कळे. त्या दिवशी कोरड्या रांगेतली टोकाची कुंडी उचलताना तो हसला. "हिला काय रात्री कुणी जेवायला घातलं?"

मॅडमनी काटा पाहिला, मातीत बोट खुपसलं. "ओली आहे. कुणी घातलं पाणी?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"मावशी, अहो, तुम्ही? हे रोप आता बाद. उद्यापासून बाहेरच्या वाफ्यांवर जा तुम्ही."

नवरा मागोमाग बाहेर आला. दोघं पायरीवर बसले.

"झाडच ते. एवढं काय जिवाला लावून घ्यायचं?"

"ठेंगणं होतं हो. पार मलूल झालेलं." मावशींनी पदर तोंडाशी धरला. "तिने पाणी मागितलं होतं माझ्याकडे. मी नाही दिलं. तशीच तहानलेली पाठवली पोरीला."

तो बराच वेळ हाताची माती चोळत राहिला. माती केव्हाच निघून गेली होती.

"तू तिचा कंगवा आणायला घरी गेलीस ना, तेव्हा माझ्याकडेही मागितलं तिने. मी पाजलं. अर्धा पेला. त्यानेच गेली की काय, या भीतीने डॉक्टरला विचारलं नाही, तुला सांगितलं नाही."

मावशींनी तोंडावरचा पदर काढला.

"पण तहानलेली नाही गेली गं ती."