चांदण्या रात्रीची दिवाबत्ती

पद्मजाने तान्ह्या क्षमाला कुंदाच्या खांद्यावर टाकलं, तिच्या मुठीतून पदराचं टोक हळूच सोडवून घेतलं आणि नगरपालिकेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्याच नणंदेला शेवटची ताकीद दिली.

"कुरकुरली तर फिरव. रडली तर कावळे दाखव. आणि अगदीच भोकाड पसरलं तर दारात येऊन उभी राहा. हाक मात्र मारू नकोस."

"म्हणजे बोलायचं नाही, नुसतं दिसायचं," कुंदा म्हणाली. "तुमच्या सभेत बायकांनी एरवीही तेच करायचं असतं ना, वहिनी?"

"आज नाही," पद्मजा म्हणाली, आणि हसतच आत गेली.

मुलुंडच्या नगरपालिकेत ती एकटीच बाई. निवडून आली तेव्हा कौतुक झालं, हार मिळाला, आणि मग प्रत्येक सभेच्या शेवटी आभार मानायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तेही तिने नीट केलं. पण आज विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकाला तिचा स्वतःचा ठराव होता, आणि तो मंजूर करून घेतल्याशिवाय घरी परतायचं नाही, हे तिने सकाळी भाकरी थापता थापताच ठरवून टाकलं होतं.

ठराव दिव्यांचा होता. स्टेशनाजवळच्या रस्त्यांना वीज आली होती. त्यापलीकडे, चाळींच्या बाजूला, अजून खांबांवर रॉकेलचे कंदील टांगत. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा भाऊ वैद्यांनी पंचांग पुढ्यात घेऊन एक कोष्टक बसवलं होतं : शुद्ध अष्टमीपासून वद्य तृतीयेपर्यंत चांदणं पुरतं, सबब त्या रात्री दिवे लावायचे नाहीत. लढाई संपली, रॉकेल मिळू लागलं, कोष्टक तेवढं राहिलं. दर पाडव्याला भाऊ नवं पंचांग घेऊन बसत आणि वर्षाचं कोष्टक सुवाच्य अक्षरात लिहून देत. त्यात तिथी होती, पाऊस नव्हता. आषाढ-श्रावणात आभाळ कसं का भरलेलं असेना, तिथी चांदण्याची म्हणून खांब आंधळे उभे राहत.

गेल्या आषाढात अशाच एका त्रयोदशीला प्रसूतिगृहातल्या सुईण रत्नप्रभाबाई चाळीकडे निघाल्या आणि वाटेतल्या चरात पडल्या. पाय मोडला. त्या पोचल्या नाहीत. आणि ज्या बाईसाठी निघाल्या होत्या तिचं मूल हाती लागलं नाही. आता रत्नप्रभाबाई काठी टेकत कामावर येत, पण दिवा नसलेल्या वाटेला पावसाळ्यात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं होतं. त्यांना कुठल्या तोंडाने आग्रह करणार? यंदा त्याच चाळीत काशीराम परबांची सून प्रेमा दिवसांत होती. पद्मजा तिला भेटून आली होती. "दिवे लागतील," असं तिच्या हातावर हात ठेवून सांगून आली होती.

सभागृहात काशीराम परब आधीच येऊन बसले होते. उभी हयात गिरणीत गेलेली, त्यामुळे ते हळू बोलायलाच विसरले होते.

"बाई, अनुमोदन माझां. फक्त कदी उठूचां ता सांगा."

"मी बसले की तुम्ही उठा."

समोरच्या बाजूने भाऊ वैद्य आले. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, काखेत पंचांग. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि तारेत शब्द मोजतात तसे बोलायचे. सभेत त्यांचं सगळ्यात लांब भाषण दोन वाक्यांचं असे.

"पद्मजाबाई, चंद्राशी तुमचं वैर काय?"

"काही नाही, भाऊ. माहेरचा माणूस तो, मुलं मामा म्हणतात त्याला."

"मग? न चुकता उगवतो."

"उगवतो, पण आषाढात घराबाहेर पडत नाही."

भाऊंच्या मिशा किंचित हलल्या. "मी विरोध करणार आहे," ते म्हणाले. "कसून."

"करा ना. मीही जेवून आले आहे."

शेजारी दशरथ म्हात्रे पान चघळत ऐकत होते. रॉकेलच्या बचतीतून मंडईवर पत्रे घालायचे, हे त्यांचं जुनं स्वप्न. ते नुसते हसले. दशरथ म्हात्रे हसले की पद्मजा सावध होत असे.

अध्यक्ष अनंतराव आले आणि सभा सुरू झाली. पाचव्या विषयानंतर चहा, हा रिवाज. चहाच्या वेळी बाळाला पाजून घ्यायचं, असा तिचा हिशेब होता. चहा आला तशी ती बाहेर गेली, तर क्षमा कुंदाच्या मांडीवर गाढ झोपलेली. तोंड उघडं, एक पाय हवेत.

"उठवू?" कुंदाने विचारलं.

पद्मजाने त्या पायाकडे पाहिलं. रात्रभर क्षमाच्या हिरड्या शिवशिवत होत्या म्हणून मायलेकींचा डोळा लागला नव्हता. तिने पाय हलकेच पदराखाली झाकला आणि म्हणाली, "झोपू दे गं."

तीच चूक झाली. सहावा विषय, गटारांच्या दुरुस्तीचा, जेमतेम सुरू झाला आणि बाहेरून पहिला सूर लागला. मग दुसरा. मग कुंदा दारात येऊन उभी राहिली, सांगितल्याप्रमाणे न बोलता. तिच्या खांद्यावरचं गाठोडं मात्र बरंच बोलत होतं. सभासद माना वळवून बघू लागले. पद्मजाच्या चोळीला ओल जाणवली आणि तिने पदर ओढून घेतला.

गटारं, मग सात, मग आठ. वेळ होता. परबांनी भुवयांनीच 'जावा' म्हटलं. ती उठली.

सभागृहाला लागून दप्तराची खोली होती. मध्ये फळ्यांची भिंत, वरून उघडी. जुन्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसून पद्मजाने बाळाला पदराखाली घेतलं. क्षमा अशी तुटून पडली, जणू तिला दोन दिवस कुणी विचारलंच नव्हतं. फळ्यांपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"गटारांना कुणाची हरकत नाही. सहा मंजूर करू या," दशरथ म्हात्रेंचा आवाज आला. "आणि अध्यक्षमहाराज, सात-आठचे नकाशे अजून इंजिनियरांकडून यायचेत. तोवर नऊ उरकून घेऊ. छोटा विषय आहे."



या नगरपालिकेचा एक शिरस्ता होता. विषय पुकारला तेव्हा ठराव मांडणारा आपल्या खुर्चीत नसेल तर ठराव बाद; आणि बाद झालेला ठराव सहा महिने पुन्हा आणता येत नसे. पान थुंकायच्या निमित्ताने तासतासभर बाहेर राहणाऱ्यांना वठणीवर आणायला हा नियम केला होता, आणि तो केला होता खुद्द भाऊ वैद्यांनीच. दशरथ म्हात्रेंचा एक ठराव त्याच नियमापायी गेला होता. सहा महिन्यांनी म्हणजे दिवाळी उलटून जाणार. तेव्हा आभाळ निरभ्र असतं.

"बाई भायर गेली हत," परबांचा आवाज चढला. "येवंदेत तरी. पोराक पाजतत."

"परब, मी गेलो होतो तेव्हा कुणी थांबलं होतं काय? नियम सगळ्यांना सारखा. विचारा भाऊंना, त्यांचाच आहे."

तिने बाळाला सोडवायचा प्रयत्न केला. क्षमाने दोन्ही मुठी आवळल्या आणि असा टाहो फोडला की पद्मजाने तिला घाईघाईने परत जवळ घेतलं. "चल गं माझे बाई," ती तिच्या कानाशी पुटपुटली, "चल, आटप."

पलीकडे खुर्ची सरकली.

"नियम आहे," भाऊ वैद्य म्हणाले. "पण सहावा विषय संपलेला नाही. मला बोलायचंय."

"गटारांवर?" अनंतरावांनी विचारलं.

"गटारांवर."

भाऊ खाकरले.

"गटाराला उतार लागतो. उतार असेल तर ते गटार. नसेल तर डबकं." ते थांबले. एरवी इथे ते खाली बसले असते. "माझ्या लहानपणी इथे गटार नव्हतं. पाणी आपलं आपण जायचं. कुठे जायचं, ते कुणी विचारलं नाही. हे... हे विचारायला हवं होतं. आता विटांचं गटार आणि दगडाचं गटार, यांत फरक काय? वीट ही भाजलेली असते. दगड भाजलेला नसतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"भाऊ, तारेचे पैसे वाढतायत," दशरथ म्हात्रे म्हणाले.

"मी भरीन," भाऊ म्हणाले. "तर वीट. वीट ठाण्याहून आणावी की इथेच पाडावी? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. मी दोन्ही बाजूंनी बोलतो."

आणि ते दोन्ही बाजूंनी बोलले. विटेवरून मातीवर आले, मातीवरून भाताच्या शेतांवर, शेतांवरून उंदीर-घुशींवर. एक घूस गटाराचं किती नुकसान करते हे सांगताना त्यांचा आवाज कोरडा पडला. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला, आणि घूस पुढे चालू झाली. अनंतरावांनी घंटा वाजवली नाही.

क्षमाची पकड सैल झाली. पद्मजाने तिला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटलं. ढेकर येईना. घुशीवरून भाऊ मांजरांवर आले होते. पुन्हा थोपटलं. अखेर तो इवलासा ढेकर आला तेव्हा तिने बाळाच्या गालावर ओठ टेकले, दाराशी उभ्या कुंदाच्या हाती तिला दिलं, पदर खोचला आणि आत जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

भाऊंनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"...तेव्हा मांजर हा काही उपाय नव्हे. गटारांना माझी हरकत नाही," ते म्हणाले आणि बसले.

सहावा विषय मंजूर झाला. नऊ पुकारला गेला.

पद्मजाने ठराव मांडला : पावसाळ्याचे चार महिने, तिथी कुठलीही असो, रोज दिवाबत्ती व्हावी. रत्नप्रभाबाईंचं सांगितलं, त्या मुलाचं सांगितलं, आवाज न चढवता. परबांनी अनुमोदन दिलं, ते रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.

मग भाऊ उठले. आता ते काहीसे मऊ पडतील, असं तिला वाटलं होतं. छे. त्यांनी रॉकेलचा दर सांगितला, काजळी धरून फुटणाऱ्या काचांचा खर्च सांगितला. "झालं ते वाईट झालं. पण चर बुजवायला हवा होता, तो कुणी मागितला नाही. एका अपघातावर नियम बेतला तर उद्या दुसऱ्या अपघातावर तो मोडावा लागेल." एकेक वाक्य खिळ्यासारखं बसत होतं. परबांकडच्या बाकावरचे दोघेही माना डोलावू लागले.

पद्मजा उत्तराला उभी राहिली. विचार करून ठेवलेलं सगळं तिने बाजूला सारलं.

"भाऊंचं कोष्टक मी वाचलंय. त्यात एकही तिथी चुकलेली नाही," ती म्हणाली. "गेल्या गुरुपौर्णिमेची तिथीही बरोबर होती. त्या संध्याकाळी राममंदिरात कीर्तन होतं, आपण सगळेच होतो. चंद्र पूर्ण, दिवे बंद, आणि धो धो पाऊस. कीर्तन सुटल्यावर हातात कंदील किंवा बॅटरी न घेता जे घरी पोचले, त्यांनी हात वर करावेत."

सभासद एकमेकांकडे पाहू लागले.

"आमच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात धोतर," दशरथ म्हात्रे म्हणाले. "वर करायला तिसरा कुठला आणू?"

सभागृह हसलं. अनंतरावही हसले. त्या रात्री ते शिपायाच्या खांद्याला धरून घरी गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाऊ, तुम्ही?" पद्मजाने विचारलं.

भाऊंनी पंचांगाची कड बोटाने सरळ केली.

"मी कीर्तनाला नव्हतो. दिवेलागणीनंतर मी बाहेर पडत नाही," ते म्हणाले.

मतं घेतली. भाऊंचा हात विरोधात ताठ वर गेला आणि कारकुनाची मोजणी होईपर्यंत खाली आला नाही. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. परबांनी टेबलावर थाप मारली तेव्हा दौत उडाली.

"माझा विरोध नोंदवा," भाऊ कारकुनाला म्हणाले. "कारणांसकट."

सभा सुटली तेव्हा उन्हं कलली होती. व्हरांड्यात भाऊ चपला चढवत होते. पद्मजा बाळाला घेऊन त्यांच्याजवळ गेली.

"भाऊ, ते गटारांचं..."

"गटारांचा विषय मंजूर झालाय, बाई," भाऊ म्हणाले. क्षमाने हात पुढे करून त्यांच्या कोटाचं बटण पकडलं. भाऊंनी ते सोडवलं नाही; तिने आपणहून सोडेपर्यंत वाकून उभे राहिले. मग परबांकडे वळले.

"सूनबाईंना कितवा?"

"सातवो सरता."

भाऊंच्या बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरला. "म्हणजे श्रावण वद्य. दशमीच्या आसपास. वद्य दशमीला माझ्या कोष्टकानेही दिवे लागलेच असते."

"असतीत, भाऊ," परब म्हणाले. "पण प्वार काय पंचांग बगून येता?"

भाऊंचा पेरांवरचा अंगठा तिथेच थांबला होता. पायऱ्या उतरून ते रस्त्यावर आले. त्यांचं घर डावीकडे, स्टेशनाच्या अंगाला; चाळी उजवीकडे. दिवेलागणीला अजून अवकाश होता.

"रत्नप्रभाबाईंच्या घरापासून तुमच्या चाळीपर्यंत," त्यांनी विचारलं, "खांब कुठे कुठे आहेत?"

"आता ता कसां सांगू? बगूक व्हयां."

"चला तर," भाऊ म्हणाले, पंचांग काखेत घट्ट धरलं, आणि उजवीकडे चालू लागले.