साहेबांचं घाईचं 'हो'

टॉलिव्हर रस्ता सहापदरी. पलीकडे माउंट निबो चर्च, अलीकडे ओडेसा टन्सटॉलबाईंचं घर. बाईंचं वय एक्याऐंशी आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पायी जाणाऱ्यांचा दिवा लागायचा नऊ सेकंद. बाई पहिला पदर संपवून दुसऱ्यात पाऊल टाकतात न टाकतात, तोच तो विझायचा. एकदा त्या मधल्या दुभाजकावर अशा अडकल्या, की प्रार्थना संपवून घरी निघालेली मंडळी त्यांना तिथंच भेटली. तिथल्या रेव्हरंड बेलमींचं नुसतं प्रवचनच दोन तास चालतं, म्हणजे बघा. दुभाजकावरच्या खांबापाशी बाईंच्या नावाची पत्रंसुद्धा येऊ लागली होती म्हणतात.

शेवटी बाईंनी चर्चला जाणंच सोडलं. साठ वर्षं चर्चच्या गायनवृंदात उभी राहिलेली बाई, आता रविवारी खिडकीशी बसून पलीकडचं गाणं ऐकायची आणि कोण बेसूर झालं ते मोजायची. जीव नुसता तुटायचा.

त्या वर्षी शहराच्या ईस्ट साइडची अकरा प्रार्थनास्थळं एकत्र आली. बॅप्टिस्ट, कॅथलिक, ज्यू, मशिदीवाले, सगळेच. घरोघर जाऊन गाऱ्हाणी ऐकली आणि पहिली मागणी ठरली ती या दिव्याची. सभा रविवारी तीन वाजता, बाईंच्याच बाजूच्या कॅथलिक हॉलमध्ये. नियम असा, की वक्त्याला दोन मिनिटं आणि शेवटी बोलावलेल्या सरकारी साहेबांना एकच प्रश्न : हो की नाही? घड्याळ ज्यूंच्या धर्मगुरू रब्बी कँटरबाईंच्या हाती. बेलमींना मध्येच तोडायची छाती दुसऱ्या कुणाची होती?

नऊशे माणसं जमली. रस्तेखात्याचे ड्रमंडसाहेब आले ते थेट माइकपाशी.

"मंडळी, तुमची जी काही मागणी असेल, तिला माझं उत्तर हो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी गाडीच्या किल्ल्यासुद्धा काढल्या. बेलमींचा चेहरा तेवढा पडला.

"अहो, मग माझ्या भाषणाचं काय?"

"रेव्हरंड, देवानं सुटका केलीय, आडवे येऊ नका," कँटरबाई पुटपुटल्या.

ओडेसाबाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या भटारखान्यात काढली होती. 'खाल्ल्या, खाल्ल्या शेंगा' म्हणून ताट लपवणारी पोरं त्यांनी हजारांनी पाहिली होती. त्या काठी टेकत पुढं आल्या.

"साहेब, हो कशाला?"

"तुमच्या मागणीला, मॅडम."

"कुठल्या?"

साहेबांनी छताकडे पाहिलं. "कचऱ्याच्या गाड्या?"

नऊशे माना नकारात हलल्या.

"बाग...? कुत्री?"

"वेळ संपली," कँटरबाई म्हणाल्या.

"चल बाळा, दाखवते," म्हणत ओडेसाबाईंनी साहेबांचं कोपर धरलं. शाळेतल्या मोठमोठ्या कढया उचलून कमावलेली पकड ती; सुटायची कशी? नऊशे माणसं मागोमाग निघाली.

दिवा लागला. "पळायचं नाही हां. माझ्या चालीनं."

दुसऱ्या पदरात दिवा विझला. भोंगे बोंबलू लागले. कसेबसे दोघं दुभाजकावर पोचले. जागा दोन फुटांची, पुढून ट्रक, मागून ट्रक. साहेबांचा टाय एकदा दक्षिणेकडे उडे, एकदा उत्तरेकडे.

"आता किती वेळ थांबायचं?" साहेब किंचाळले.

"दिवा लागेल चार मिनिटांत. पण तो पुन्हा नऊच सेकंदांचा. डबा आणलायस ना?"

"मॅडम, हो! मी हो म्हणतोय!"

"कशाला?"

"दिव्याला! चाळीस सेकंद करतो!"

"माझ्या गुडघ्यांना पंचेचाळीस लागतात."

"पंचेचाळीस!"

"कधी?"

"पुढल्या वसंतात अंदाजपत्रक..." इतक्यात सिमेंटचा ट्रक त्यांच्या नाकाला वारा घालून गेला. "मंगळवारी! मंगळवारी!"

"नीट ऐकू आलं नाही रे!" हॉलच्या बाजूच्या फुटपाथवरून नऊशे माणसं एका सुरात ओरडली. अकरा प्रार्थनास्थळांचं इतकं एकमत आधी कशावरच झालं नव्हतं.

साहेबांनी तीनदा सांगितलं. तेव्हा कुठं इमामसाहेबांनी आणि कॅथलिक फादरनी रस्त्यात उभं राहून गाड्या थोपवल्या.

मंगळवारी दिवा खरोखरच बदलला. रविवारी ओडेसाबाई निघाल्या आणि पलीकडे पोचल्या, तेव्हा तीन सेकंद उरले होते. ते वाया कशाला घालवायचे, म्हणून थांबलेल्या ट्रकवाल्याकडे वळून त्यांनी टोपी सारखी केली आणि मग गात गातच आत शिरल्या.